अहो, जरा बाजूला!

फ्रेमकाकांचं मुंबईवर जिवापाड प्रेम आहे. तक्रार एकच, तिच्यात माणसं फार. माणसं आहेत, वायरी आहेत, कावळे आहेत, वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फलक आहेत आणि मधली काही वर्षं तर गिरगावात भुयारी मेट्रोचे पत्रे होते. या सगळ्याच्या मागे कुठेतरी एक स्वच्छ, निर्मनुष्य, वायरमुक्त मुंबई आहे आणि पहाटे साडेपाचला ट्रायपॉड खांद्यावर टाकून निघालं तर ती एक ना एक दिवस सापडेल, या श्रद्धेवर काकांचा संसार चालतो. काकूंचा पेन्शनवर चालतो.

फ्रेमकाका हे नाव चाळीने ठेवलं. खरं नाव रेशन कार्डावर आहे आणि आता फक्त तिथेच आहे. एखादी गोष्ट आवडली तर आपण ‘छान आहे’ म्हणतो, काका डोळे बारीक करतात आणि म्हणतात, “फ्रेम आहे.” चाळीच्या जिन्यात ऊन तिरकं पडलं, फ्रेम आहे. समोरच्या गॅलरीत ओळीने चादरी वाळत घातल्यात, फ्रेम आहे, फक्त ती तिसरी चादर काढा. एकदा कुणाच्या तरी बाराव्याच्या जेवणाला पंगत बसली होती. पांढरे सदरे, हिरवी पानं, मधोमध वाढप्याची पितळी बादली. काका घास हातात धरून पुटपुटले आणि शेजारच्याने घाईघाईने, “नको, आज नको,” म्हणून त्यांचा हात दाबला.

हा नमुना एकट्या गिरगावचा नव्हे. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर सकाळी फेऱ्या मारणाऱ्यांवर वैतागलेला, करी रोडच्या पुलावर कठड्याला चिकटलेला, शिवडीच्या जेट्टीवर फ्लेमिंगो आणि अटल सेतू एकाच चौकटीत येण्याची वाट बघणारा, असा एकेक फ्रेमकाका तुम्हाला दर दोन स्टेशनांमागे भेटेल. ओळखायची खूण म्हणजे खिसेवालं जाकीट. त्याला इतके खिसे असतात की हवी ती वस्तू ऐन वेळी एकाही खिशात सापडत नाही. लेन्सचं टोपण शोधताना आधी भाजलेले शेंगदाणे निघतात, मग सिलिका जेलची पुडी, मग रक्तदाबाची गोळी, मग काल संपलेला रेल्वेचा पास. टोपण निघतं तोवर सूर्य मावळलेला असतो. तरीही काका शांत असतात, कारण ‘ब्लू अवर’ अजून बाकी असतो. सूर्य गेल्यावरचा तो निळसर संधिप्रकाश म्हणजे या मंडळींची दुसरी इनिंग. पहिलीत शून्यावर बाद झालेले सगळे तिथे पुन्हा बॅट घेऊन उभे राहतात.

मुंबईच्या दमट हवेत लेन्सला बुरशी लागते. ज्यांच्याकडे पैसे असतात ते त्यासाठी हवाबंद कपाट घेतात. काकांनी काकूंचा चकलीचा डबा घेतला. झाकणाला रबराची कड असलेला, घट्ट बसणारा, काकूंनी भांडी बाजारातून निवडून आणलेला डबा. त्यात आता दोन लेन्सा आणि सिलिका जेलच्या पुड्या सुखाने नांदतात. चकल्या उघड्या परातीत मऊ पडतात. दर दिवाळीला यावर बोलणी होतात आणि दर दिवाळीला काका बोरा बझारात जाऊन ‘फक्त चौकशी’ करून येतात. फोर्टातल्या त्या गल्लीत कॅमेऱ्यांची दुकानं एकमेकांना खेटून आहेत. काका तिथे डबा विकत घ्यायला जातात आणि फिल्टर घेऊन येतात. काकू फिल्टर उजेडात धरून बघतात आणि विचारतात, “एवढ्या पैशात ही काळी काच?” काका सांगतात, की ही काच लावली की शटर अर्धा मिनिट उघडं ठेवता येतं आणि मग हलणारी माणसं फोटोत उमटतच नाहीत, वितळून जातात. काकू म्हणतात, “मग तुम्हाला काच कशाला लागते? घरात आम्ही हलतोच आहोत की.”

तसं बघितलं तर मुंबईला हे वेड फार जुनं. 1854 साली इथे फोटोग्राफिक सोसायटी निघाली, पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. डॉ. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या पहिल्या पिढीतले नावाजलेले छायाचित्रकार. पण काकांच्या मनात सल आहे तो सावेदादांबद्दल. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा हे मूळचे फोटोवाले. परदेशातून हलत्या चित्रांचा कॅमेरा मागवून त्यांनी 1899 साली हँगिंग गार्डनवर कुस्ती चित्रित केली. दोन वर्षांनी रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले तेव्हा सावेदादा कॅमेरा घेऊन चौपाटीवर हजर. भारतातल्या चित्रपटाचा इतिहास लिहिणारे या दोन्ही प्रसंगांपाशी नम्र होतात. काका होत नाहीत. “अहो, माणूस हँगिंग गार्डनला कॅमेरा घेऊन जातो आणि काढतो काय, तर दोन पैलवान! वळून बघायचं ना जरा. सगळी बॅक बे पायाशी पसरलेली!” तेव्हा मरीन ड्राइव्ह नव्हता, नरिमन पॉइंट नव्हता, खाली नुसता समुद्र आणि चिखल होता, हे सांगून उपयोग नसतो. “तरी पण,” काका म्हणतात, “क्षितिज तर होतं.”

क्षितिज हा काकांचा हळवा विषय. ते सरळ हवं. ट्रायपॉडला बसवलेली पाणसळ त्यांना पुरत नाही, खिशात आणखी एक असते. दुसऱ्यांच्या घरी गेले, की पाणी पिण्याआधी भिंतीवरचे स्वामी समर्थ सरळ करतात. एकदा भेटायला गेलेल्या घरी, हार घातलेल्या ताज्या फोटोपुढे हात जोडून उभे राहिले, क्षणभर डोळे मिटले, उघडले आणि डावा कोपरा अर्धा बोट वर उचलला. घरच्यांना गहिवरून आलं. त्यांना वाटलं, काका फोटोला हात लावून निरोप घेताहेत.

अशा हारवाल्या फोटोंसाठीच चाळीला खरं तर काकांची गरज असते. चाळीला स्कायलाइन नको असते. चाळीला पासपोर्ट फोटो हवा असतो, बारशाचा हवा असतो, मुलगी दाखवायचा हवा असतो. पहिल्या मजल्यावरच्या आजींनी तर स्पष्टच सांगितलं, “माझा एक चांगला काढून ठेव रे. नंतर धावपळ नको.” काकांनी मनावर घेतलं. आजींना खिडकीपाशी बसवलं, एका बाजूने उजेड घेतला, दुसरी बाजू अंधारात सोडली. रेम्ब्रांट असाच उजेड घ्यायचा, हेही सांगितलं. प्रिंट आली. आजींनी ती चष्मा वर करून, खाली करून, लांब धरून पाहिली. “माझं अर्धं तोंड कुठे गेलं?” काकांनी छायाप्रकाश समजावला. आजी म्हणाल्या, “अरे, नंतर मुलांमध्ये वाटण्या झाल्या तर प्रत्येकाला अर्धं अर्धं देणार आहेस का?” शेवटी नातवाने मोबाइलवर काढला. आजी त्यात ठणठणीत हसताहेत, मागे कुकर आहे. आजींनी तो पसंत करून, लॅमिनेट करून, ट्रंकेत पातळांच्या खाली ठेवून दिलाय.

माणसांचा फोटो काकांना जमत नाही असं नाही, सुचत नाही. कॅमेऱ्याच्या काचेतून बघताना माणूस आला, की त्यांच्या तोंडून आपोआप, “अहो, जरा बाजूला!” निघतं. गेटवेवर कबुतरांना दाणे टाकणाऱ्याला, राजाबाई टॉवरखालून ऑफिसला पळणाऱ्याला, दादर चौपाटीवर स्वतःच्याच धाकट्या भावाला. ते गेटवेला पहाटे जातात, सूर्य कमानीच्या मागून वर येतो म्हणून. संध्याकाळी तिथून सीएसएमटीला, कारण तिचं तोंड पश्चिमेला आणि मावळतं ऊन सगळं दगडांवर. कुठली इमारत किती वाजता देखणी दिसते हे काकांना पाठ आहे. पण ती इमारत आतून कशी आहे, विचारू नका. म्युझियम असो की एशियाटिक, काकांनी त्यांच्या पायऱ्याच पाहिल्यात. आत तिकीट असतं म्हणून नव्हे. आत गेलं, की बाहेरचा उजेड जातो.

परळ-लालबागच्या गिरण्या चालू होत्या तेव्हा काका विशीत होते. कॅमेऱ्यात छत्तीस फोटोंचा रोल असायचा आणि तो महिनाभर पुरवायचा असायचा. चाळीच्या गच्चीवरून उत्तरेला बघितलं, की गिरणगावची धुराडी दिसायची आणि त्यांचा धूर. काकांच्या त्या काळातल्या वहीत नोंदी आहेत: ‘धुरामुळे वाया’, ‘धुराडं मधे आलं’, ‘पुन्हा धूर’. मग 18 जानेवारी 1982 उजाडला. गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि बहुतेकांना परत आत जायला मिळालंच नाही. या सगळ्यावर काकांनी एकदा लालबागला, सासुरवाडीच्या ओट्यावर बसून, भर मंडळीत म्हटलं होतं, “पण ब्याऐंशीनंतर व्हिजिबिलिटी एकदम सुधारली हो.” काकूंचे थोरले भाऊ गिरणीत साचेखात्यात होते. ते उठले, आत गेले आणि पुढची दोन वर्षं भाऊबीजेला काका एकटेच जेवले. तरी त्यांना आपलं काय चुकलं ते कळलं नव्हतं. आकाश स्वच्छ झालं होतं, हे तर खरंच होतं.

आता गंमत बघा. आज काकांना धुराडं हवंय. श्रीनिवास मिलच्या जागेवर 280 मीटरचा टॉवर उभा आहे. त्याच्या काचांच्या शेजारी एक विटांचं धुराडं आलं, की जुनं-नवं एका फोटोत, स्पर्धेत बक्षीस ठरलेलं. म्हणून काका फिनिक्स मिलमध्ये जातात. तिथे आता मॉल आहे आणि गिरणीचं एक धुराडं जपून ठेवलंय. ते नीट दिसेल असं टेबल एका कॉफीच्या दुकानात आहे आणि त्या टेबलावर बसायचं तर कॉफी घ्यावी लागते. ज्या धुराड्याला पंचेचाळीस वर्षांपूर्वी फुकटात शिव्या घातल्या, त्याच्यासाठी आता काका कपभर कॉफीचे पैसे मोजतात आणि वर म्हणतात, “किती होती हो ही धुराडी! कुणी फोटोच काढून ठेवले नाहीत.” सोबतीला गेलेले मेहुणे (बोलतात आता) कपातला फेस चमच्याने ढवळत राहतात.

पद्मिनी टॅक्सीचं तेच. जन्मभर सीएसएमटीसमोर उभं राहून काळी-पिवळी फ्रेमबाहेर जायची वाट बघितली. ऑक्टोबर 2023 मध्ये शेवटच्या पद्मिनीची वीस वर्षं भरली, तेव्हा हेच काका टॅक्सी फ्रेममध्ये यायची वाट बघत त्याच जागी उभे होते. त्याच्या आधीच्या महिन्यात जुन्या डबलडेकरचा निरोप झाला, तिथेही. 2025 च्या सप्टेंबरात एल्फिन्स्टनचा पूल पाडायला बंद केला, तिथेही. या पुलावरून काका चाळीस वर्षं ये-जा करत होते. पाडायचा ठरल्यावर त्यांना तो पहिल्यांदा दिसला. चाळ पुनर्विकासाला गेली, की तिचाही नंबर लागेल, अशी मला खात्री आहे. गच्चीवरून घेतलेले हजारो फोटो काकांकडे आहेत, त्यात नरिमन पॉइंटपासून परळपर्यंत सगळं आहे. चाळ नाही. एका फोटोत पाण्याच्या टाकीचा कोपरा आलाय, तोही काकांनी कापायला काढलाय.

गच्चीवरचं मोठं काम म्हणजे टाइमलॅप्स. दादासाहेब फाळक्यांनी 1912 साली कुंडीतल्या वाटाण्याच्या अंकुराची रोज थोडी थोडी चित्रं घेऊन त्याची वाढ पडद्यावर दाखवली होती. काकांनी विचार केला, मुंबईत वाटाण्यापेक्षा टॉवर जास्त उगवतात. परळच्या दिशेला नवा पाया खणलेला दिसल्यावर त्यांनी गच्चीच्या कठड्यावर खडूने खूण केली आणि दर रविवारी सकाळी त्याच जागेवरून त्याच टॉवरचा एक फोटो घ्यायला सुरुवात केली. चौदा मजले झकास उगवले. मग टॉवरला स्थगिती आली. काका थांबले नाहीत, कारण मधे खंड पडला तर टाइमलॅप्स उडी मारतो. कित्येक रविवार त्यांनी न वाढणाऱ्या टॉवरचा फोटो काढला. तो लघुपट आता पूर्ण आहे, मला दाखवला. सुरुवातीला इमारत भराभर वर जाते, आणि मग बराच वेळ काहीच होत नाही, नुसते ढग पळतात आणि खालच्या एका गॅलरीतलं लहान मूल बघता बघता मोठं होऊन मिशी फुटलेलं दिसतं. मी म्हटलं, “काका, हा मुलगा भारी आलाय.” काका म्हणाले, “कुठला मुलगा?”

मधे त्यांच्या प्रत्येक फोटोत एक घार येऊ लागली. सी लिंकवर उजव्या कोपऱ्यात घार. गेटवेवर उजव्या कोपऱ्यात घार. काका खूश होते, घारीमुळे आकाशाला जीव येतो म्हणायचे. घरात बसून फ्रीजचा फोटो काढला तेव्हा फ्रीजवरही घार आली. बोरा बझारातल्या पोराने कॅमेरा उघडला, ब्लोअरने एक फुंकर मारली आणि घार कायमची उडाली. सेन्सरवरचा कचरा होता. काका घरी येऊन दोन दिवस गप्प होते. घार होती तेव्हाचे फोटो त्यांनी अजून पुसलेले नाहीत.

सीएसएमटीचं प्रकरण मात्र सविस्तर सांगायला हवं. त्या इमारतीच्या मुख्य घुमटावर ‘प्रगती’ची मूर्ती उभी आहे, एका हातात मशाल, दुसऱ्यात चाक. काकांनी मोबाइलवर चंद्राचं गणित सांगणारं अ‍ॅप घेतलं आणि शोध लावला, की एका विशिष्ट पौर्णिमेला, महापालिकेच्या बाजूला एका विशिष्ट दगडावर उभं राहिलं, तर उगवता चंद्र बरोबर त्या मशालीवर टेकेल. महापालिकेने समोर फोटो काढायला खास चौथरा करून दिलाय, पण गणित त्याच्यात बसेना. गणिताप्रमाणे दगड रस्त्याच्या दुभाजकावर येत होता. काका दुभाजकावर चढले. मागे वास्तुकार स्टीव्हन्सने बांधलेली पालिका, पुढे स्टीव्हन्सनेच बांधलेलं स्टेशन, मधे बसगाड्यांच्या दोन धारा आणि काका. ट्रायपॉडचे तीन पाय उघडले तेवढ्यात हवालदार आला.

मुंबईत मोबाइलने तुम्ही वाटेल त्याचा फोटो काढा, कुणी हूं की चूं करत नाही. पण तीन पायांचं काही जमिनीवर टेकलं, की कायदा जागा होतो.

“ओ काका, परवानगी आहे का?”

“चंद्राची?”

“शूटिंगची.”

“शूटिंग नाही हो. एक फोटो. पाच मिनिटांत चंद्र येतोय.”

“मोबाइलवर काढा की. कोण नाही म्हणतंय?”

काकांनी मोबाइल आणि कॅमेरा यांतला फरक सांगायला घेतला. अ‍ॅपर्चरपासून सुरुवात केली. हवालदाराने बरंच ऐकून घेतलं, मग टोपी सारखी केली आणि म्हणाला, “एवढा भारी आहे तर माझा एक काढा. पूर्ण बिल्डिंग पाहिजे मागे. गावाला पाठवायचाय.” पूर्ण बिल्डिंग आणि पूर्ण हवालदार एका चौकटीत बसवायचे तर खालून घ्यायला हवं. काका दुभाजकावर आडवे झाले. पहिल्यात टोपी कापली गेली, दुसऱ्यात डोळे मिटले, तिसऱ्यात मधे बस आली. चौथा जमला. उठून कपडे झटकले तेव्हा चंद्र मशालीच्या दोन हात वर जाऊन सगळ्या मुंबईला दिसत होता. पण त्या रात्रीचा हवालदाराचा फोटो मी पाहिलाय आणि माझ्या मते काकांनी जन्मात काढलेला तो सर्वांत चांगला फोटो आहे. मागे दिव्यांत न्हालेली इमारत, पुढे छाती काढलेला, किंचित लाजलेला माणूस. काकांच्या अल्बमात तो नाही. “रेकॉर्ड शॉट आहे,” म्हणाले.

काका फक्त एकदा स्वतः फ्रेममध्ये आले. मरीन ड्राइव्हवर पहाटे लग्नाआधीच्या फोटोंचं एक युनिट होतं. मुलीचा झगा कठड्यावरून फुटपाथवर वाहत होता, मुलगा तिच्याकडे बघून पंधराव्यांदा पहिल्यांदा हसत होता. काका लांब आपले नरिमन पॉइंटच्या इमारतींवर नेम धरून उभे. तेवढ्यात त्या युनिटमधली विशीतली पोरगी धावत आली. “काका, प्लीज, जरा बाजूला व्हाल? फ्रेममध्ये येताय.” असा अपमान काकांनी बँकेतल्या तीस वर्षांच्या नोकरीतही सोसला नव्हता. ते बाजूला झाले, पण घरी येऊन काकूंना म्हणाले, “मी हलत नव्हतो. माझं काय नडत होतं?”

मरीन ड्राइव्हसाठी मात्र काका एकदा नागरिक म्हणून उभे राहिलेत, हे नोंदवायला हवं. 2015 साली तिथले पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी लावले आणि ‘राणीचा हार’ दवाखान्याच्या कॉरिडॉरसारखा दिसायला लागला. शहरभर ओरड झाली. काकांनीही वर्तमानपत्राला पत्र लिहिलं, त्यात व्हाइट बॅलन्सवर दोन परिच्छेद होते, म्हणून ते छापून आलं नसावं. पुढे दिवे पुन्हा पिवळसर झाले. काका ते श्रेय कधी उघडपणे घेत नाहीत. फक्त तिथून टॅक्सी जाताना खिडकीतून बघून हलकेच मान डोलावतात.

पावसाळ्यात घरच्या कॅलेंडरवर सण नसतात, भरती असते. साडेचार मीटरच्या वर लाटा उसळणाऱ्या दिवसांची यादी महापालिका दर वर्षी जाहीर करते. ती फ्रीजवर चुंबकाने लावलेली असते, गॅसच्या नंबराच्या वर. त्या तारखांना नातेवाइकांनी लग्न, मुंज, ऑपरेशन काही ठेवायचं नाही. काका दुधाची पिशवी धुऊन, तळाला भोक पाडून कॅमेऱ्याला घालतात आणि मरीन ड्राइव्हच्या कठड्यापाशी उभे राहतात. लाट येते, सगळे ओरडत मागे पळतात, काका शटर दाबतात. फोटोत येतं ते पळणाऱ्यांच्या पाठी आणि ठळक अक्षरांत दूध संघाचं नाव.

गणपतीत काकांचा कस लागतो, कारण तिथे बाजूला व्हा म्हणायची सोय नाही. चिंचपोकळीच्या चिंतामणीच्या आगमनाला मूर्ती कारखान्यातून निघते तेव्हा परळ-लालबागच्या रस्त्यावर जी गर्दी लोटते, तिच्यात अर्धे तरी फोटोवाले असतात. काका स्टूल घेऊन गेले. त्यांच्या पुढचा शिडी घेऊन आला होता. घरी आल्यावर कळलं, की फोटोत चिंतामणी नाहीच, वर उचललेले शेकडो मोबाइल आहेत. पण प्रत्येक मोबाइलच्या पडद्यावर मात्र चिंतामणी आहे. काकांनी फोटो मोठा मोठा करत नेला आणि डावीकडच्या एका पडद्यावर थांबले. “बघ, या मुलाचं फ्रेमिंग किती छान आहे. क्षितिजसुद्धा सरळ.”

आणि मग ते 2025 चं विसर्जन. लालबागचा राजा अनंत चतुर्दशीला निघाला आणि दुसऱ्या दिवशी, 7 सप्टेंबरला, सकाळी गिरगाव चौपाटीवर पोचला. काका पहाटेपासून वाळूत जागा धरून होते. सकाळचं कोवळं ऊन, समुद्र, राजा, असं सगळं गणित जुळलेलं. पण भरती आली होती, मूर्ती तराफ्यावर चढेना, आणि राजा तिथेच पाण्यात थांबला. काकांनी कोवळ्या उन्हात फोटो काढले. रणरणत्या उन्हात काढले. ढगाळात काढले. दुपारी काकू डबा घेऊन आल्या. “ग्रहणाचे वेध लागलेत, खायचं नाही, पण तुमची साखर वेध बघत नाही,” म्हणून वाळूतच पोळी-भाजी खायला घातली. मग काकूही चाळीतल्या बायकांबरोबर तिथेच बसल्या.

त्या रात्री खग्रास चंद्रग्रहण होतं, दहाच्या सुमाराला लागणार होतं. संध्याकाळ झाली, अंधार पडला, राजा अजून पाण्यातच. काकांची उलघाल सुरू झाली. इकडे राजा, तिकडे चंद्र. साडेआठला त्यांनी मनाशी हिशेब केला, की आता हे लांबणार, चंद्र मात्र वेळेवर येतो. ट्रायपॉड उचलला आणि गच्ची गाठली. पाणसळ बघून तीन पाय नीट टेकवले, मोठी लेन्स डब्यातून काढून लावली, चंद्रावर नेम धरला. आणि नऊच्या सुमाराला चौपाटीकडून आवाजांचा असा लोट आला, की कठडा थरथरला.

काकूंनी फोटो मोबाइलवर काढला. त्यांच्या पुढे एक कोळी दादा, त्याच्या खांद्यावर मुलगी, पलीकडे पाण्यात राजा, सगळ्यांचे हात वर. चाळीच्या ग्रुपवर पाच मिनिटांत तो सगळ्यांकडे पोचला, लालबागच्या भावाने अंगठे आणि हात जोडलेले पाठवले, पहिल्या मजल्यावरच्या आजींनी तो मोठ्याने वाचून दाखवायला सांगितला. काका ग्रहण सुटेपर्यंत गच्चीवर होते. मध्यरात्रीनंतर खाली आले, काकूंचा मोबाइल घेतला, फोटो बराच वेळ बघितला.

“क्षितिज तिरकं आलंय,” म्हणाले.

काकू पायावरची वाळू धूत होत्या. “मी सरळच धरला होता,” त्या म्हणाल्या. “समुद्रच तसा होता.”